मंदाकिनीवरचा अनुस्वार

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या त्या गाळ्यात मंदाकिनी शिरली ती चुकून. जायचं होतं छापखान्यात, लग्नपत्रिकांचे नमुने द्यायला. जिना चुकला आणि समोर आले उघड्या पोटाचे कॉम्प्युटर, सोल्डरच्या राळेचा वास आणि कानावर पेन्सिल खोचलेला एक सडपातळ मुलगा. तिने छापखाना विचारला. त्याने आधी तिच्या हातातली पत्रिका वाचली, मग विचारलं की हे काम कुठल्या मॉनिटरवर करता?

डोंबिवलीच्या घरी हिरव्या अक्षरांचा जुना मॉनिटर होता आणि तो आता डोळे मिटायच्या बेतात होता. मंदाकिनीला नवा घ्यायचाच होता, तोही रंगीत. कारण पलीकडच्या गल्लीतल्या टायपिंगवाल्याकडे रंगीत आला होता. फक्त तो स्वस्तात हवा होता.

मुलाचं नाव आनंदा, त्यामुळे तो जे करी ते आनंदानेच होई. त्याने टेबलावर तीन मॉनिटर मांडले. एक पिवळ्या अक्षरांचा, एक कागदासारखा पांढरा, एक रंगीत. तिन्हींवर एकच शब्द टाइप केला... मंदाकिनी. पिवळा डोळ्यांना बरा, पण पत्रिकेसाठी फारच काळोखा. रंगीत मात्र नवरीसारखा नटलेला. ती हरखून जवळ गेली, तर नावावरचा अनुस्वार रेघेत विरघळून गेला होता. तिथे ती चक्क 'मदाकिनी' झाली होती.

"स्वस्तातल्या रंगीतमध्ये असंच होतं," तो म्हणाला. "आत रंगीत ठिपक्यांची जाळी असते. ठिपके मोठे, अक्षर बारीक. पांढऱ्याला जाळीच नाही, म्हणून अक्षर स्वच्छ येतं."

"माझं नाव कुणी सांगितलं तुम्हाला?"

"पत्रिकेच्या कोपऱ्यात आहे ना... अक्षरजुळणी — मंदाकिनी." त्याचे कान लाल झाले.

खरं तर पांढरा घ्यायचा निर्णय तिथेच झाला होता. पण मंदाकिनी 'विचार करून सांगते' म्हणाली आणि पुढच्या शनिवारी परत आली. त्याच्याही पुढच्या शनिवारी आली. कधी जोडाक्षरं बघायची राहिलेली असायची, कधी बारीक टाइप. आनंदाही काही कमी नव्हता. दर वेळी तिन्ही मॉनिटर नव्याने मांडायचा, उजेडात अक्षर कसं दिसतं ते दाखवायला खिडकी उघडायचा, लावायचा. मधूनच चेंदणी कोळीवाड्यातलं त्याचं घर, टेंभी नाक्यावरचं नवरात्र असं काहीबाही निघायचं. एकदा पावती फाटली की हे सगळं संपणार, या विचाराने मंदाकिनी आणखी एखादं अवघड जोडाक्षर शोधून आणायची.

चौथ्या शनिवारी गाळ्याचे मालक गिल्बर्टसाहेब यांनी सांगून टाकलं की पांढरा एकच उरलाय आणि सोमवारी तो विठ्ठलवाडीच्या शाळेत जाईल. मग काय, घ्यावाच लागला.

रविवारी आनंदा खोकं घेऊन डोंबिवलीला आला. अर्ध्या तासाचं काम त्याने दोन तास पुरवलं. तिची आई, भागीरथीबाई, पोहे देताना सहज म्हणाली की हा बिघडला तर तुम्हालाच बोलवायचं ना?

मंदाकिनीने श्वास रोखला. म्हण, मनातल्या मनात ती म्हणाली, दर महिन्याला बिघडतो म्हण.

"नाही बिघडणार, काकू. पाच वर्षं तरी कुणाला बोलवायला लागणार नाही."

खरं बोलणाऱ्या माणसाचा इतका राग तिला कधी आला नव्हता. आई समाधानाने रिकाम्या बशा घेऊन आत गेली. आनंदाने स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला, चपला घातल्या, आणि दारातच घुटमळला.

"तो बिघडणार नाही हे खरंय," तो हळूच म्हणाला. "पण नाही बिघडला... तरी मी आलो तर चालेल?"

महिनाभर दोघांचं अहो-जाहो चाललं होतं. आत्ताही तिला रीतसर 'या' म्हणायचं होतं. स्वयंपाकघरातला बशांचा आवाज थांबला होता, म्हणजे आई कान देऊन ऐकत होती.

"ये," मंदाकिनी म्हणाली. "उद्याच ये."