बंद घरांना वारा

खिडकीतून आधी मोजपट्टी आत पडली, मग एक पाय, मग अर्धा माणूस… आणि तिथेच अडकला. मी झाडू घेऊन समोर उभी.

"घर रिकामं वाटलं," तो म्हणाला.

"म्हणून खिडकीतून?"

"दार बंद होतं ना…"

आमच्या गावात निम्मी दारं बंदच आहेत. शहरात जाणारा प्रत्येक जण किल्ली माझ्या हातात ठेवतो – अधूनमधून घर उघड गं, जरा वारा खेळू दे. शिवणकाम सांभाळून मी हे फुकटचं काम करते. मागे राहणारी म्हणून मी सगळ्यांच्या सोयीची, आणि मला त्याचा मनस्वी वैताग आहे.

"मी प्रकल्पातून आलोय," तो अडकल्या अडकल्या सांगत होता. "या घरांत नवी कुटुंबं आणायची, गाव पुन्हा भरायचं. पण गावाला विचारून."

मी त्याला हाताला धरून ओढून काढलं. तो हसला. छान हसला, हे मला उगीचच दिसलं.

शाळेच्या वर्गात त्याने सभा घेतली. भिंतभर रंगीत कागद चिकटवले आणि विचारलं, "घरं भाड्याने द्याल?" सगळ्यांनी माना डोलावल्या. तो खूश. मी कपाळाला हात लावला. पाहुण्याचं मन मोडायचं नाही, हो म्हणायचं आणि तो गेला की विसरायचं, ही आमच्याकडची रीत.

पुढच्या रविवारी तो गाडीभर कुटुंबं घेऊन आला. एकही घरमालक फिरकला नाही. दुकानदारकाकांना अचानक ताप आला, माझ्या आत्याने तर आतून कडीच लावली. गाडी आली तशी परत गेली, आणि तो आमच्या पायरीवर येऊन बसला.

"सगळे हो म्हणाले होते."

"तेच तर. आमचे लोक भांडायला लागले, की समजायचं विचार करतायत."

"हे आधी सांगता आलं नसतं?"

"तुम्हाला विचारता आलं नसतं? कागद चिकटवत बसलात."

"तुम्ही चिडलात ना, की…" तो थांबला.

"की काय?"

"पुन्हा चिडाल तेव्हा सांगतो."

दुसऱ्या सभेत कागद नव्हते. त्याने एवढंच विचारलं, "घर दिलं तर काय बिघडेल?" झालं. काका ताडकन उठले. "माझा मुलगा परत आला तर राहील कुठे?" आत्या म्हणाली, "आधी फोन तरी करतो का तो?" अंधार पडेपर्यंत जुंपली. शेवटी ठरलं – तीन घरं वर्षभर देऊन बघायची, प्रत्येक घरातली एक खोली मालकासाठी राखून. त्या कलकलाटात त्याने माझ्याकडे पाहिलं. मी आधीपासूनच त्याच्याकडे बघत होते.

नवी कुटुंबं आली, त्यांची घडी बसेपर्यंत तोही गावात एक खोली घेऊन राहिला, रस्त्यावर पोरांचा दंगा सुरू झाला. आणि एका दुपारी तो माझ्या शिलाई मशीनशी येऊन उभा राहिला.

"इथलं काम संपलं म्हणतात. पुढच्या गावी जायचंय."

"बरं." मी मशीन जोरात चालवलं. शिलाई वाकडी गेली.

"एवढंच?"

"मग काय, हार घालू?"

"माझ्या खोलीची किल्ली…"

"नको. मला कुणाचीच किल्ली नको. सगळे जातात आणि मी खिडक्या उघडत बसते. तुझी खोली मी उघडणार नाही. तू नसताना मला तिथे पाऊल टाकवणार नाही, कळलं?"

'तू' कधी आलं, मलाच कळलं नाही. आत आत्याचं खोकणंही थांबलं.

"चिडलीस की मनातलं खरं बोलतेस, हेच तेव्हा सांगायचं होतं," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "ते गाव तासाभरावर आहे. इथून ये-जा करता येईल… मलाही जायचं नाहीये गं. राहू?"

डोळ्यांत पाणी आणि डोक्यात राग, दोन्ही एकदम आलं.

"राहा," मी म्हणाले. "आवडतोस तू मला. त्याचाच तर सगळ्यात जास्त वैताग आहे."