डाव्या सीटचा पट्टा

ते लाकूड जरा आत सरका आणि जवळ बसा. उद्यापासून तुम्ही पाहुण्यांना घेऊन वाळवंटात जाणार, तेव्हा डेस हॅगर्टीचं काय झालं ते आजच ऐकून ठेवलेलं बरं. डेसला मी चांगला ओळखतो. तिखटमीठ लावून सांगणारा माणूस नव्हे तो. गप्पच असतो. हे सुद्धा त्याने एकदाच सांगितलं, पुन्हा विचारलं तर उठून गेला.

दोन वर्षांपूर्वीचा जुलै, म्हणजे इकडचा ऐन हिवाळा. दुसरा मंगळवार, अमावास्या. सकाळी डेसने ॲलिस गावात पाण्याच्या टाक्या भरून घेतल्या, पाच पाहुण्यांना गाडीत बसवलं, सहलीची मदतनीस नोरीन, तिला तिच्या दारातून घेतलं आणि गाडी पश्चिमेला लागली. चार रात्रींची सहल. दिवसा खडक आणि दऱ्या बघायच्या, रात्री शेकोटीपाशी वळकट्या पसरून उघड्यावर झोपायचं. डेसच्या हाताखालून अशा शेकडो सहली गेल्या होत्या.

फरक एवढाच, की या वेळी डावी सीट रिकामी होती.

त्या सीटवर अकरा वर्षं नोरीनचा मामा बसला. मुलूख त्याच्या लोकांचा, इथल्या आदिवासींचा. डेसने गाडी हाकायची आणि मामाने वाट दाखवायची, असं त्यांचं चालायचं. मार्चमध्ये मामा गेला. रिवाजाप्रमाणे त्याचं नाव बंद झालं, सहलीच्या पत्रकांवरच्या त्याच्या फोटोवर कागद चिकटवले गेले. पुरल्यानंतर नोरीनने डेसला बाजूला घेऊन बजावलं होतं, "नाव तोंडात आणायचं नाही. घरचे उघडतील तेव्हाच. नाव घेतलं की त्याला वाटतं आपल्याला बोलावलं. निघालेला माणूस मागे वळतो, मग त्याला वाट सापडत नाही." डेसने तिच्या हातात हात देऊन कबूल केलं. म्हणून मीही नाव सांगणार नाही, तुम्हीही विचारू नका. मामाच म्हणू या.

डेसला ते जड जायचं. गाडी रुतली, टायर फुटला, पाहुणा चुकला, की त्याच्या तोंडात आधी मामाचं नाव यायचं, देवाचं नंतर. शिवाय ती घंटी. डाव्या सीटवर कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही की गाडी टिंग टिंग करत राहते, तुम्हाला ठाऊकच आहे. मामाने पट्टा कधी लावलाच नाही. डेस वैतागून म्हणायचा, "पट्टा लाव ना गड्या, डोकं फिरतं माझं." मामाचं उत्तर ठरलेलं. "पट्टा त्याने लावावा ज्याला उतरायचं नाही. मला उतरायचं असतं." आणि खरंच, दर थोड्या वेळाने तो खाली उतरायचा, वाळूतली एखादी पाऊलखूण वाकून बघायचा आणि हसत परत चढायचा. अकरा वर्षं डेसने त्या घंटीला शिव्या घातल्या. मार्चनंतर गाडीतली शांतता त्याला त्याहून खायला उठायची.

त्या मंगळवारी सगळंच बिनसत गेलं. बर्फाची पेटी गळली. दूध नासलं. आणि पाहुण्यांत प्रिचर्ड नावाचे निवृत्त मुख्याध्यापक होते, त्यांनी सकाळपासून डेसचा जीव नकोसा केला.

"पुढची सीट रिकामी आहे, मी बसतो."

"रिकामी नाही," मागून नोरीन म्हणाली. ती स्वतःही तिथे बसत नव्हती.

"मला तर कुणी दिसत नाही."

"मग चष्मा पुसा, साहेब," डेस म्हणाला. बाकीचे हसले आणि प्रिचर्ड दिवसभर रुसले. जिथे थांबावं तिथे कॅमेरा घेऊन भलतीकडे जायचे. डेसने ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. शाळेत पोरांना रांगेत उभं करणारा माणूस स्वतः रांगेत राहीना.

मुक्काम कोरड्या नदीच्या काठी पडला. राखेत भाजलेली भाकर आणि मटण झालं. डेसने पुन्हा एकदा बजावलं, की शेकोटीचा उजेड संपतो तिथे आपली हद्द संपते, लघवीला जायचं तरी सांगून जा. साडेनऊला त्याने वळकट्यांवरून नजर फिरवली. प्रिचर्डांची वळकटी रिकामी होती. जाड कोट तिथेच, कॅमेरा नव्हता.

तारे टिपायला गेले होते म्हातारे.

डेसने हॉर्न वाजवला, दिवे लावले. नोरीन बॅटरी घेऊन माग काढत गेली, पण पुढे दगडी माळ लागला, माग पुसला गेला आणि ती परतली. थंडी अशी, की बादलीतल्या पाण्यावर साय धरल्यासारखा बर्फ धरत होता. उपग्रहाच्या फोनवर उत्तर मिळालं, माणसं उजाडल्यावर येतील. उजाडेपर्यंत अंगात नुसता सदरा असलेला सत्तरीचा माणूस टिकला नसता, हे डेसलाही कळत होतं आणि नोरीनलाही.

डेस शेकोटी आणि माळ यांच्यामध्ये फेऱ्या मारत राहिला. रागाने, भीतीने त्याला रडू येत होतं. एवढं सांगूनही माणसं ऐकत का नाहीत? आणि ज्याला या मुलुखातला दगड न दगड ठाऊक, तो नेमका आज का नाही? बारा वाजून गेले होते. त्याने हातातली बॅटरी दगडावर आपटली, आणि तोंडातून ते गेलं. पूर्ण नाव. छाती फुटेपर्यंत ओरडून.

माळावरून ते परत आलं. मग थांबलं.

नोरीन जिथे होती तिथेच उभी राहिली.

"काय केलंस, डेस…"



वारा पडला होता. शेकोटीही आवाज करत नव्हती. मग नदीच्या पात्रात वाळू वाजली. कुणीतरी चालत येत होतं. सावकाश. एक पाऊल… दुसरं…

उजेडात प्रिचर्ड आले. एकटेच. ओठ निळे पडलेले. नजर समोर, कुणाच्या तरी पाठीवर लावल्यासारखी. एका पाहुणीने धावत जाऊन त्यांच्या अंगावर कांबळं टाकलं.

"तुमचा माणूस कुठे गेला?" त्यांनी विचारलं.

"कोणता माणूस?"

"तो म्हातारा हो. पुढे चालत होता. थांबा म्हटलं तर थांबेना. एकदासुद्धा वळून बघितलं नाही." त्यांचे दात वाजत होते. "फार चिडलेला होता, पाठीवरूनच कळत होतं. मी पहिल्यांदाच कुणाला एवढं घाबरलो… मी माफी मागितली त्याची."



नोरीनने बॅटरी वाळूवर धरली. बुटांचे ठसे होते. त्यांच्या पुढे अनवाणी पावलं. आपण चेहरा ओळखतो तशी तिची माणसं पाऊल ओळखतात. ती ते बघत बघत चालली. पावलं शेकोटीला वळसा घालून गाडीकडे गेली होती. डाव्या दारापाशी. तिथे संपली.

ती बराच वेळ वाकून शोधत होती. मग मटकन खालीच बसली.

"परत गेलेली नाहीत, डेस."

रात्रभर तिने गाडीभोवती ओल्या पाल्याचा धूर केला. आपल्या भाषेत मामाला समजावत राहिली, विनवत राहिली. पहाटे तिचा आवाज पार बसला. डेस जवळ येऊन म्हणाला, "बोलावलं मी. मीच सांगतो ना त्याला, की जा."

"काय म्हणून हाक मारशील?" तिने विचारलं.



उजाडल्यावर सहल तिथेच मोडली. सगळे निमूट गाडीत बसले, प्रिचर्ड सगळ्यात मागे. डेसने डावी सीट हाताने चाचपली. काही नव्हतं. गाडी सुरू केली. वाळूतून वर निघून रस्त्याला लागते न लागते…

टिंग. टिंग. टिंग.

नोरीनने मागून वाकून बघितलं. सीटवर पिशवी नाही, बाटली नाही. धूळसुद्धा सारखी पसरलेली.

टिंग. टिंग.

डेस चालवत राहिला. दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तो हात काढत नव्हता. टिंग. टिंग. टिंग. शेवटी अकरा वर्षांचा सगळा वैताग एकदम वर आला. नाव न घेता तो म्हणाला, "पट्टा लाव ना गड्या."

घंटी थांबली.

पुढचे दोन मैल डेसने डावीकडे मान वळवली नाही. नोरीनने बघितलं. रिकाम्या सीटवरून पट्टा आडवा आला होता आणि खाली खाचेत बसला होता.

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"आता तो उतरायचा नाही," ती म्हणाली.

डेसने त्यानंतर गाडी चालवायचं सोडलं. नोरीनच्या घरच्यांनी मामाचं नाव अजून उघडलेलं नाही, आणि ती डेसशी बोलत नाही. गाडी आपल्याच आवारात मागे पत्र्याखाली उभी आहे, निळी, तुम्ही येताना बघितलीच असेल. विकायची कुणाची टाप नाही. आतून झाडायला मीच जातो, उजव्या दाराने. पट्टा लावलेलाच असतो. पट्ट्याला आतून ओढ असते, म्हणजे रिकाम्या सीटला तो चिकटून पडायला हवा, हो ना?

तो पडत नाही. सीट आणि पट्टा यांच्यामध्ये वीतभर जागा असते.