खिडकीकडे पाठ केलेले अंकुर

एक खोली मनात उभी करा, बाळांनो. फार मोठी नको, देवघराएवढीच पुरे. तुमच्या डाव्या हाताला खिडकी, उजव्या हाताला कोरी भिंत. समोर शिसवी पेटी. तिचं झाकण वर उघडतं, पण आत्ता ते उघडता येणार नाही, कारण झाकणावर वेताची गोल परडी ठेवली आहे. परडीत काळी माती, मातीत घट, घटावर नारळ. घटाभोवती वीतभर वाढलेले गव्हाचे अंकुर, सगळे भिंतीकडे झुकलेले, तिच्याशी काही कुजबुजत असल्यासारखे. वर लाकडी चौकटीला झेंडूच्या माळा टांगल्या आहेत. पेटीपुढे नंदादीप.

आत जायचं नाही. नवरात्रात बसवलेला घट हलवत नाहीत. दारातूनच बघा, पण नीट बघून ठेवा.

त्या दुपारी याच दारात पोलीस उपनिरीक्षक उत्कर्षा ढोमणे उभी होती. पेटीचं कुलूप उघडं लटकत होतं.

"गेलं," मागून दिगंबरराव म्हणाले. "अडीचशे वर्षं सांभाळलेलं निशाण गेलं."

सदाशिव पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावरचा हा फ्लॅट. दारावर पितळी पाटी, 'सरदार दिगंबरराव भोरवडेकर'. तिच्याखाली दुसरी, 'बेल एकदाच वाजवावी. आम्ही बहिरे नाही.' पूर्वी इथं भोरवडेकरांचा वाडा होता. आता सहा मजली इमारत होती, आणि त्यातले दोन फ्लॅट भोरवडेकरांचे होते. एक त्यांनी भाड्यानं दिला होता.

निशाण म्हणजे घराण्याचा झेंडा, भरजरी, हातरुमालासारखा घडी घालता येणारा. एरवी तो बँकेत असे. नवरात्रात मात्र पेटीत ठेवून वर घट बसवायचा, ही घरची रीत.

खाली रस्त्यावर घोषणा चालू होत्या. आठवडाभर शहर धुमसत होतं. रंगराव नावाच्या पुढाऱ्याला दसऱ्याच्या मिरवणुकीत हे निशाण पुढं हवं होतं. दुसरा गट म्हणत होता, सरदार घोड्यावर होते, निशाण खांद्यावर घेऊन पायी मेले ते आमचे पूर्वज, मान आमचा. यावरून दोनदा दगडफेक झाली होती. तिकडे एक बस जळाली, इकडे दुकानं बंद झाली. चौकाचौकात नाकाबंदी होती.

उत्कर्षानं खिडकीतून खाली पाहिलं. तरुण मुलं टेम्पोत चढत होती.

"कुठं निघालेत हे?"

"खडकीला," दिवाणखान्यातल्या कोचावरून उत्तर आलं. तिथं सुदर्शन बसला होता, रंगरावांचा उजवा हात. एका हातात चहा, दुसऱ्यात फोन. "शंभू सुताराच्या घरी. निशाण चोरलं, वर घटाला हात लावला. लोक चिडणार नाहीत तर काय करतील, मॅडम?"

"शंभूनं चोरलं, हे कुणी सांगितलं?"

"आबासाहेबांनीच."

दिगंबरराव खुर्चीत ताठ बसले होते. चौऱ्याहत्तरीतही कणा सरळ होता.

"आबासाहेब, शंभूच का?"

"पेटीची कडी त्यानंच बसवली, भाद्रपदात. किल्ली तेव्हा त्याच्या हातात होती. आणि त्या दुसऱ्या गटात तोच पुढं असतो. सभेत निशाण मागितलं त्यानं."

"घट बसल्यावर तो इथं आला होता?"

"चौथ्या माळेला. माळांची चौकट निसटली होती, ती ठोकायला. थोडा वेळ खोलीत एकटाच होता."

"म्हणजे चार दिवस कुलूप उघडं होतं, आणि कुणालाच दिसलं नाही?"

"पेटीला पुढून तोरण होतं. त्यामागं झाकलेलं होतं. आज तोरण सरकलं तेव्हा दिसलं."

"पेटी उघडून कुणी पाहिली?"

"घट हलवायचा नसतो, बाई. कुलूप उघडं आहे, म्हणजे निशाण गेलं. पाहायचं काय त्यात?"

उत्कर्षानं मान डोलावली.

शंभूला चौकीत आणून बसवलं होतं. चाळिशीचा, काटक, नखांत पॉलिश गेलेलं.

"चोरलंस?"

"नाही."

"मागितलंस?"

"माइकवर मागितलं. चोरायचं असतं तर आधी भर सभेत सांगितलं असतं का, की मला हवंय?"

"चौथ्या माळेला देवघरात एकटा होतास."

"होतो. शिडीवर. दोन खिळे मारले आणि उतरलो. ती मातीची परडी एकट्याला उचलते का, मॅडम? भरलेली आहे. उचलली तर निम्मी माती खाली सांडेल." त्यानं फोनकडे पाहिलं. तो हवालदार भीमरावांच्या टेबलावर वाजत होता. "बायकोचा असेल, नंदाचा. दाराला आतून कपाट लावून बसलीये, दोन पोरं घेऊन. मी नाही चोरलं, हे मी कुणाला सांगू? तुम्ही ऐकता, पण खालचे ऐकतील का?"

उत्कर्षानं खडकी पोलिसांना फोन लावला. माणसं कमी आहेत, असं उत्तर मिळालं. सगळी नाकाबंदीवर होती.

ती पुन्हा तिसऱ्या मजल्यावर आली. खाली टेम्पो अजून भरत होते. बेल एकदाच वाजवली.

दार श्यामलानं उघडलं. ती दिगंबररावांची सून. नवरा सौमित्र खराडीच्या ऑफिसात कालपासून अडकला होता, रस्ते बंद म्हणून. घरात ती, तिचे सासरे आणि अकरा वर्षांची तनया.

"घटाचं कोण बघतं?" उत्कर्षानं विचारलं.

"मी आणि तनया. पाणी, माळ, दिवा."

"आबासाहेब?"

"आबा आरती करतात." श्यामला कोरडं हसली. "सरदारांनी आरती करायची. चिखल आम्ही बघतो."

"आज सकाळी घरात कोण होतं?"

"आम्ही दोघी पाणी घालून वर गेलो होतो, पाचव्या मजल्यावर. अष्टमीची कुमारिका म्हणून तनयाला जेवायला बोलावलं होतं. घरी आबा एकटेच. नंतर सुदर्शन आले असणार, आम्ही खाली आलो तेव्हा ते चहाची वाट बघत बसले होते. अजून बसलेत. स्कूटर खाली उभी आहे, जातो म्हणतात आणि बसतात."

"तुम्ही खाली येईपर्यंत चोरी कळली होती?"

"नाही. आबांना नंतर दिसलं. पण गंमत सांगू? मी पोलिसांना एकशेबाराला फोन लावत होते, तेव्हा खाली घोषणा सुरू झाल्या होत्या."

तनया देवघराच्या उंबऱ्यावर बसली होती. उत्कर्षा तिच्या शेजारी टेकली.

"काय बघतेस?"

"रुसलेत ते," तनया हळूच म्हणाली.

"कोण?"

"अंकुर. रोज खिडकीकडे बघतात. आज सकाळी पण बघत होते, मी पाणी घातलं तेव्हा. आता पाठ केलीये."

"तूच फिरवली असशील परडी, पाणी घालताना."

"घट हलवत नाहीत." अशा प्रश्नाची तिला पोलिसांकडून अपेक्षा नव्हती. "आणि हलवला तरी ते परत वळतात. आम्ही शाळेत पेल्यात गहू लावले होते. पेला फिरवला की एका दिवसात परत खिडकीकडे माना. बाईंनी करून दाखवलं."

उत्कर्षा बराच वेळ त्या परडीकडे बघत राहिली. मग श्यामलाकडे वळली. "घटाचा फोटो काढता का हो रोज?"

"फॅमिली ग्रुपवर टाकावाच लागतो. नाही टाकला तर नणंदेचा फोन येतो, घट बसवलाय ना म्हणून."

"आजचा दाखवा."

फोटो पाहून झाल्यावर तिनं भीमरावांना फोन केला, दोन वाक्यं हळू आवाजात बोलली, आणि दिवाणखान्यात जाऊन बसली.

इथं जरा थांबा, बाळांनो. उत्कर्षाकडे जे होतं ते सगळं तुमच्याकडेही आहे. वाटलं तर सुरुवातीची खोली पुन्हा बघून या.

थोड्या वेळानं भीमराव वर आले. त्यांच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती. त्यांनी ती उत्कर्षाला दिली आणि दाराला पाठ लावून उभे राहिले. सुदर्शननं पिशवी पाहिली आणि कप खाली ठेवला.

"आबासाहेब," उत्कर्षा म्हणाली, "परडी गोल असते. तिला पुढं-मागं नसतं. कुणी ती उचलून पुन्हा ठेवली, तर बघणाऱ्याला काही कळत नाही. पण अंकुरांना दिशा असते. ते उजेडाकडे झुकतात. आत्ता तुमचे अंकुर भिंतीकडे झुकलेत."

"मग? त्या शंभूनंच—"

"शंभू चौथ्या माळेला आला. तेव्हा परडी फिरली असती, तर अंकुर केव्हाच खिडकीकडे वळले असते. हा आज सकाळचा फोटो. माना खिडकीकडे आहेत. म्हणजे परडी या फोटोनंतर उचलली गेली. आज. श्यामलाताई आणि तनया वर जेवत असताना."

तिनं फोन श्यामलाला परत दिला.

"आता कोणी? श्यामलाताईंनी किंवा तनयानं उचलली असती, तर माना कुठं आहेत हे पाहून ठेवली असती. त्या रोज बघतात. हे करणाऱ्यानं या घटाला आयुष्यात पाणी घातलेलं नाही. त्यानं फक्त आरती केली आहे."

श्यामलानं पदर तोंडाशी नेला.

"परडी जड आहे. एकट्यानं उचलली तर माती सांडते, आणि खाली कणभर माती नाही. म्हणजे दोघं होते. कुलूप तोडलेलं नाही, किल्लीनं उघडलंय. आणि एक गोष्ट तुम्हीच मला सांगितलीत. पेटी कुणीच उघडून पाहिली नव्हती, तरी आत निशाण नाही हे तुम्हाला ठाऊक होतं."

"अहो मॅडम, आबासाहेबांवर आळ घेताय तुम्ही," सुदर्शन उठला. "खाली काय होईल, कल्पना आहे?"

"बसा. खाली गर्दी पोलिसांच्या आधी जमली. तिला बोलावणारा फोन तुमच्या हातात आहे. निशाण मात्र तुम्हाला नेता आलं नाही. नाकाबंदीत प्रत्येक गाडी उघडून बघतायत. म्हणून सकाळपासून इथं चहा पिताय." तिनं पिशवी उघडली. सोन्याच्या जरीचा एक कोपरा बाहेर आला. "हे तुमच्या स्कूटरच्या डिकीत होतं. रेनकोटखाली."

खाली टेम्पोचं इंजिन सुरू झालं.

"मला एकच कळलं नाही," उत्कर्षा म्हणाली. "रंगरावांना निशाण मिरवणुकीत हवं होतं, तर तुम्ही ते उघड का नाही दिलंत, आबासाहेब?"

दिगंबररावांचा कणा पहिल्यांदा वाकला. "त्यांना निशाण नको होतं," ते म्हणाले. "त्यांना चोरी हवी होती. चोरी झाली की लोक पेटतात. मग दसऱ्याला ते सापडणार, आणि मिरवणुकीत पुढं घोडा असणार. घोड्यावर मी. माझे वडील शेवटचे बसले होते. मी आठ वर्षांचा होतो. रस्त्यातले लोक वाकून मुजरा करत होते. आता सोसायटीच्या मीटिंगला माझ्यासाठी कुणी खुर्ची सोडत नाही."

"आणि शंभू?"

"कुणाचं नाव घ्यायचं नाही, असं ठरलं होतं. अज्ञात चोर. पण खालून सगळे विचारायला लागले, कोण आलं होतं घरात, कोण आलं होतं. सुदर्शन माझ्याकडे बघत राहिला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं."

"निघून गेलं ते परत घेता आलं असतं. दुपारपासून वेळ होता."



भीमरावांनी सुदर्शनचा फोन काढून घेतला. "याला सांगायला लावू का, मॅडम, की निघू नका म्हणून?"

"आता माझं कोण ऐकतंय," सुदर्शन पुटपुटला. "म्हणतील, पोलिसांनी दम दिला."

ते खरं होतं. पोलिसांचं ऐकणार नव्हते, शंभूचं तर नाहीच. खालची सगळी माणसं एका माणसाच्या नावानं जमली होती, आणि तो माणूस खुर्चीत मान खाली घालून बसला होता.

"आबासाहेब," उत्कर्षा म्हणाली, "जबाब मी नंतर घेईन. पण ते टेम्पो फक्त तुमच्या शब्दावर थांबतील. खडकीत एक बाई दाराला कपाट लावून बसलीये."

"मी काय सांगू त्यांना?" दिगंबरराव म्हणाले. "या वयात, चारचौघांत... सरदार भोरवडेकरानं स्वतःच्या घटाखालून—" पुढचं त्यांना बोलवेना. "मला नाही जमणार. पाय उचलत नाहीत माझे."

खाली दुसऱ्या टेम्पोचं इंजिन सुरू झालं.

तनया देवघराच्या दारातून हे सगळं ऐकत होती. आजोबांकडे तिनं एकदा पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही. मग ती बाहेरच्या दाराशी गेली. तिथं कोपऱ्यात त्यांच्या वहाणा होत्या, रोज संध्याकाळी फिरायला जाताना घालायच्या. तिनं त्या दोन्ही हातांनी उचलल्या, खुर्चीपाशी आणल्या, खाली बसली आणि त्यांच्या पावलांपुढं नीट जोडीनं ठेवल्या, दाराकडे तोंड करून.