बहिरा पिकअप

नेवाशाहून श्रीरामपूर आणि तिथून पुणतांबा, अशा दोन एसट्या बदलून निकिता कानिफनाथ मिस्त्रींच्या दारात पोहोचली तेव्हा एप्रिलचं ऊन डोक्यावर आलं होतं. काम तसं साधं होतं. घरच्या गिटारचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज उचलून स्पीकरला देणारी पट्टी, बदलायचा. जुना तिनं खोलून, वर्तमानपत्रात गुंडाळून, जेवणाच्या डब्याशेजारी पिशवीत ठेवला होता.

गिटार म्हणजे गळ्यात अडकवून मिरवायची नव्हे. चार पायांवर टेबलासारखी उभी राहणारी, दहा तारांची, खाली पायानं दाबायची तीन पेडलं असलेली स्टील गिटार. निकिताच्या वडिलांनी, सूर्यभान यांनी, ती तीस वर्षांपूर्वी मुंबईच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून आणली आणि भीमगीतांच्या गायन पार्टीत बसवली. डाव्या हातातली लोखंडी कांडी तारांवरून सरकली की ती माणसासारखा गळा काढायची. पंचक्रोशीत तिचं नावच 'रडकी' पडलं होतं. कार्यक्रमाची सुपारी देताना लोक आधी विचारत, रडकी येणार ना?

सूर्यभान जानेवारीत गेले. आता रडकीवर निकिता बसणार होती. पण पार्टीचे गायक बिभीषणकाका परवाच म्हणाले होते, "पोरी, लई शिट्ट्या मारतीया ही. जयंतीच्या आत नीट करून आन."

कानिफनाथ मिस्त्री सत्तरीचे. भिंगाचा चष्मा, बोटांवर डागकामाचे चट्टे. दुकानात राळेचा जळका वास भरून राहिलेला. एका लांब फळीवर त्यांनी दहा तारा ओढून ठेवल्या होत्या आणि कुठलाही पिकअप त्या तारांखाली सरकवून ते त्याची परीक्षा घेत. निकितानं आणलेला पिकअप त्यांनी तिथं बसवला, वायर जोडली आणि तारांना हात न लावता त्यावर वाकून विचारलं, "काय म्हनतीया तब्येत?"

कोपऱ्यातल्या स्पीकरमधून तोच प्रश्न घोगऱ्या आवाजात परत आला.

"बघ," मिस्त्री म्हणाले. "आत चुंबकावर केसागत बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असती. तिच्यावरलं मेन सुकलं, तार ढिली पडली. आता ह्यो गिटारीचं सोडून मानसांचं ऐकतोय. कधीपासनं असं?"

"बारा-तेरा वर्षं असेल."

"आन् सूर्यभान एकदाबी घेऊन आला न्हाई?"

"आप्पांना गंमत वाटायची. आई चुलीपाशी जेवायला हाक मारायची, ती स्पीकरमधून यायची. आप्पा म्हणायचे, आपल्या पार्टीत एक गायिका फुकट..." बोलता बोलता निकितानं जीभ चावली.

"मग बदलती कशाला? मेनात बुडवून देतो. असला गोडवा नव्यात न्हाई मिळायचा."

"नको," ती जरा जास्तच घाईनं म्हणाली. "बदलायचाच आहे."

खरं कारण शिट्टीचं नव्हतंच. ते तिच्या पोटात होतं आणि तीन महिने तिला आतून कुरतडत होतं.

जानेवारीतल्या त्या दुपारी आई, गोजरबाई, गिरणीवर दळण आणायला गेली होती. सूर्यभान आतल्या खोलीत पडून होते आणि निकिता बाहेर गिटारवर बसली होती. पडल्या पडल्या मुलीच्या चुका काढणं हा त्यांचा आजारपणातला उद्योग. "निके, डावं पेडल लवकर सोडतीस." "निके, कांडी थरथरतीया." दिवसातून वीस वेळा. त्या दिवशी तीनच्या सुमाराला पुन्हा हाक आली, "निके..." नुसतीच. पिकअपनं ती अलगद उचलली आणि स्पीकरमधून तिच्या कानाशी आणून सोडली. मग आणखी एकदा, "निके..."

तिला राग आला. उजव्या पायाखाली आवाज वाढवायचं पेडल असतं, ते तिनं तळाला टेकेपर्यंत दाबलं आणि गाणं पुरं केलं. सगळी कडवी. आई पिठाचा डबा घेऊन आली, आत गेली आणि मग आईचाच आवाज स्पीकरमधून आला, तो निकिताला आयुष्यभर विसरता येणार नव्हता.

लोकांना तिनं सांगितलं, गिटारचा आवाज मोठा होता, ऐकू आलं नाही. सगळ्यांना पटलं. आईनं तर अवाक्षर विचारलं नाही. पण ज्या घरात चुलीपाशी पडलेली पळीसुद्धा स्पीकरमध्ये वाजते, तिथं ही थाप किती दिवस टिकणार? तो पिकअप घरात असेपर्यंत आईला कधीही उमगलं असतं. निकिताला साक्षीदार हटवायचा होता, एवढंच. आणि या विचाराची तिला स्वतःचीच शिसारी येत होती.

मिस्त्रींनी तिच्यापुढे पिकअप मांडले. पहिला नवाकोरा, पण आवाज पत्र्यावर खडा मारल्यासारखा, आणि कडेच्या दोन तारा त्याच्या टप्प्यात येईनात. दुसरा कुठल्याशा जुन्या गिटारचा, गोड. पण नखानं टिचकी मारली की स्पीकरमध्ये टक्क वाजायचं. म्हणजे यालाही कान होते. खोक्याच्या तळाशी तिसरा दिसला. काळा, बिननावाचा. तो मिस्त्रींनी काढला नव्हता.

"हा?"

"तो ऱ्हाऊ दे."

"खराब आहे?"

"खराब कसला! आवाज तर असा की ऐकत बसावं. पन बहिरा हाय. ठोक, आरड, त्याला मानसाचं काही म्हनून ऐकू येत न्हाई."

"मग हाच द्या."

मिस्त्रींनी मान खाजवली. "पोरी, बहिऱ्या मानसापुढं आपन काहीबाही बोलून जातो. वाटतं, ह्याला कुठं कळतंय..." पुढचं वाक्य त्यांनी गिळलं, पिकअप फळीला जोडून दिला आणि चहा सांगायला बाहेर गेले.

दुकानात ती एकटी राहिली. बाहेर ऊन नुसतं पांढरं होतं. स्पीकरची बारीक घरघर चालू होती. तिनं पिकअपवर टिचकी मारली. काही नाही. "हॅलो" म्हणाली. काही नाही. मग ती खाली वाकली, ओठ तारांना लागतील इतकी, आणि म्हणाली, "आप्पा, मला ऐकू आलं होतं."

स्पीकर गप्प होता. फक्त ती घरघर, कुणी श्वास रोखून धरावा तशी, क्षणभर थांबली आणि पुन्हा सुरू झाली. व्होल्टेज कमी-जास्त होत असेल, असं तिनं मनाशी म्हटलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा ते वाक्य तिच्या तोंडून बाहेर पडलं होतं आणि तिला हलकं वाटत होतं. चहा न पिताच ती पिकअप घेऊन निघाली.

रविवारी तिनं तो गिटारला बसवला. वायर डागली, स्क्रू पिळले, तारा लावल्या. जानेवारीपासून ती दुपारची घरी थांबत नव्हती. एरवी सेतू केंद्रातली नोकरी होतीच, रविवारीही काहीतरी निमित्त काढून बाहेर जायची आणि सराव करायचा तो दिवेलागणीनंतर. पण आज धीर आला होता. बहिऱ्याची भीती कसली?

भीती हा शब्दच त्या घरात चालत नसे. सूर्यभान कार्यक्रमात दोन गाण्यांच्या मध्ये ठणकावून सांगायचे, बुद्धानं आत्मा मानला नाही, तेव्हा भूत आणणार कुठून? भूत म्हणजे भित्र्या डोक्यातलं तण!

आई आत स्वयंपाकघरात सुपात गहू निवडत बसली होती. खड्यांचा टिकटिक आवाज येत होता. निकितानं कांडी तारांवर ठेवली. सूर असा निघाला की तिचे डोळे भरून आले. दुसऱ्या कडव्याला वीज गेली. पंखा फिरत फिरत थांबला. स्पीकरचा लाल दिवा विझला. तारांचा नुसता पातळ, उघडा आवाज उरला, तिनं तळहात ठेवून तोही बंद केला.

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले होते.

मग घरघर सुरू झाली. विजेवाचून. लाल दिवा विझलेलाच होता... तरी स्पीकरची जाळी थरथरत होती. राळेचा वास आला, आणि त्यामागून खोबरेल तेलात कापूर घातल्याचा. आजारपणात सूर्यभानांच्या छातीला चोळायचे तोच.

"निके..."

तिनं हिसका मारून गिटार-स्पीकरमधली वायर उपटली. वायरचं टोक तिच्या मुठीत होतं, दुसरं फरशीवर लोळत होतं.

"निके... ऐकलंस ना? मग आवाज का वाढवलास?"

आवाजात राग नव्हता. पेडल लवकर का सोडलंस, असं विचारायचे तेवढ्याच शांतपणे विचारलं होतं. ऐकू आलं होतं, एवढंच ती पिकअपपाशी बोलली होती. पेडल दाबल्याचं तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. पिकअपलाही नाही.

आतली टिकटिक थांबली होती. आईनं ऐकलं तर? आईनं ऐकलं नसू दे, एवढंच एक मागणं तिच्या मनात होतं. ती कसंबसं उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेली.

गोजरबाई सूप मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली होती. चेहऱ्यावर भीती नव्हती, नवल नव्हतं. तिनं गव्हातून एक खडा उचलून बाजूला टाकला.

"दे की जबाब त्यांला," ती हळूच म्हणाली. "जानेवारीपासनं रोज ह्याच टायमाला इचारत्यात. तू नसती घरी. मीच आपली सांगते, पोरीला ऐकू आलं न्हाई वो... पन त्यांला पटत न्हाई."