फितीचं दुसरं टोक

"ही शेळी तुमची का?"

दारात उभ्या माणसाने पहिला प्रश्न विचारला तो हा. काखेत जाड नोंदवही, हातात मोजायची फीत, आणि डोळ्यांत... हसू होतं की डाव होता, मला ठरवता येईना. मी कडीवरचा हात काढला नाही.

"आमचीच," मी म्हटलं.

"बरं. सकाळपासून या गल्लीत मला ती तिसऱ्या घरात भेटतेय."

मागे शेजारची केराबाई पदर तोंडाशी धरून खोकली. शेळी तिची होती. म्युनिसिपालिटीने घरपट्टीच्या फेरआकारणीची दवंडी पिटल्यापासून आमची गल्ली एकाएकी गरीब दिसायला लागली होती. घराला भाडं किती येईल त्यावर पट्टी बसणार. म्हणून कुणी खिडक्यांच्या काचा काढून ठेवल्या, कुणी पुढच्या खोलीत कडबा भरला, आणि केराबाईची शेळी घरोघर पाहुणी जाऊ लागली.

"मी बसवराज. मैंदर्गीचा. मोजणी कारकून."

"कागद?"

त्याने दिला. मी पुण्याला कॉलेजात दोन वर्षं काढलेली. शिक्का, सही, तारीख – सगळं दोनदा वाचलं. मग कागद उलटा केला.

"मागून कोरा आहे," तो गंभीरपणे म्हणाला.

हसू येत होतं. आवरलं. हसण्यासारखे दिवस नव्हते माझे. माझे यजमान निंगप्पा जाऊन दोन वर्षं झाली होती. पदरी चार वर्षांची कस्तुरा, मुलींच्या शाळेतली नोकरी, आणि हे तीन खोल्यांचं घर. वाटणीत ते निंगप्पांना मिळालेलं, पण म्युनिसिपालिटीच्या दप्तरात अजून सासऱ्यांचंच नाव. या फेरआकारणीत तिथे आपलं नाव घुसवायला दीर चनमल्लप्पा टपलेले. घर गेलं तर कस्तुराला घेऊन मी कुठे जाणार होते?

"शिपाई आजारी आहे," तो म्हणाला. "फितीचं दुसरं टोक... धराल?"

धरलं. फीत ताणली गेली.

तो गेल्यावर शाळेची फूटपट्टी घेऊन मी तिन्ही खोल्या पुन्हा मोजल्या. एका इंचाचा फरक निघाला नाही. मग तर मला जास्तच संशय आला.

चार दिवसांनी तो पुन्हा आला. जुन्या पावत्या हव्यात, वाटणीपत्र हवं. तो नक्कल उतरवत होता आणि मी कागदाच्या कोपऱ्यावर बोट दाबून बसले होते.

"कागद पळून नाही जाणार, बाई."

"माणसं नेतात की पळवून."

"मी तर परत आलोय..." मान वर न करता तो म्हणाला. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या.

कस्तुराने त्याला पाण्याचा तांब्या दिला. निम्मं पाणी त्याच्या धोतरावर.

"आहा, अव्वा! गार वाटलं," तो हसला. मैंदर्गीकडे आईला म्हणतात तसं लहान मुलींनाही लाडाने अव्वा म्हणतात. मग मला विचारलं, "हिचं पूर्ण नाव काय?"

"कशाला हवं?"

"असंच."

सरकारी माणूस असंच काही विचारत नाही. तरी मी सांगून बसले, आणि रात्रभर स्वतःला बोल लावला.

दुसऱ्याच दिवशी केराबाई धापा टाकत आली. "विजाबाई, त्यो मोजणीवाला हाय न्हवं? नव्या पेठेत चनमल्लप्पाच्या दुकानात बघितला म्या. तासभर हुता की! च्या बी पिला."

चनमल्लप्पा मागे म्हणाले होते, "वहिनी, आपल्यात विधवेची उडकी होते. खुशाल दुसरं लग्न करा, आमची ना नाही. फक्त कायद्याने घर सोडावं लागेल." आता सगळं जुळलं. आधी घर, मग पोरीचा ताबा – म्हणून नाव विचारलं! आणि मी... मी कडी वाजली की केस सारखे करत होते. त्याचाच राग जास्त आला.

याद्या लागल्या त्या दिवशी गिरणीचा दुपारचा भोंगा होताच कस्तुराला घेऊन मी कचेरी गाठली. त्याने न बोलता वही माझ्याकडे फिरवली.

मालकाच्या रकान्यात: विजयमाला निंगप्पा. तीनदा वाचलं. मग पुढचा रकाना दिसला.

"तीन रुपये वाढवलेत!"

"गिलावा नवा आहे. शेळी धरूनसुद्धा." तो म्हणाला. "पटत नसेल तर पंधरा दिवसांत अर्ज करा. सुनावणी होते."

"दिरांच्या दुकानात तासभर काय करत होतात?"

"मोजत होतो. वरची माडी कागदावर नव्हती. आता आहे."

"आणि चहा?"

"तो माडी सापडायच्या आधीचा."

हसू पुन्हा आलं. पुन्हा गिळलं. "आणि माझ्या मुलीचं नाव?"

त्याने टाक दौतीत ठेवला... पुन्हा काढला.

"ते कचेरीचं काम नव्हतं. विधवेने लग्न केलं की नवऱ्याचं घर तिच्याकडून जातं, हे खरं. पण जातं कुणाकडे? वाटणी झालेली असेल तर दिराकडे नाही. मुलीकडे. वकिलांकडून लिहून आणलंय. त्यात तिचं नाव लागत होतं."

त्याने घडी घातलेला कागद पुढे सरकवला. मी वाचला. दोनदा. उलटा केला.

"मागून कोरा आहे," तो म्हणाला.

"कुणाच्या लग्नासाठी एवढी चौकशी?"

"तुमच्या... आणि माझ्या."

मी कागदाची घडी घातली. शेवटी म्हटलं, "मी दुसऱ्या वकिलाला विचारीन."

"विचाराल, ठाऊक होतं. आणखी दोघांचे पत्ते खाली लिहिलेत."

त्या दोघांना विचारलंच नाही. तिसराच गाठला. त्यानेही तेच सांगितलं.

रविवारी सकाळी कडी वाजली. तो. ना वही, ना फीत. मी निरोप धाडला होता तो एका ओळीचा – मैंदर्गीहून आईला घेऊन या. मागे त्याची आई उभी होती, हातात खणाची पुडी.

तो उंबऱ्याबाहेर थांबला आणि कस्तुरासमोर गुडघ्यात वाकला. "काय मालकीणबाई, येऊ का आत?"

कस्तुराने त्याला खालून वर न्याहाळलं. मग हात पुढे केला.

"कागद?"

तो खिसे चाचपू लागला. आज एकही कागद नव्हता त्याच्याजवळ. त्याने माझ्याकडे पाहिलं...

आणि मी कडीवरचा हात काढला.