डाव्या बाजूचं दार

पटलं तर ठेवा, नाही तर सोडून द्या. पण यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही.

जालना, मस्तगड. गेल्या वर्षीचा मे महिना. आणि रात्र नाही बरं का... भर दुपार.

हरिओम माझा मावसभाऊ. स्टीलच्या कारखान्यात सुपरवायझर. स्कूटरचा प्लग पुसण्यापलीकडे मेकॅनिकीतलं त्याला ओ की ठो कळत नाही. तरी या पठ्ठ्यानं घरामागच्या पत्र्याच्या शेडात काय आणून ठेवलं? एक जुनाट, लाल, दोन सिटांची विलायती स्पोर्ट्स कार. मोबाइलवर व्हिडिओ बघायचा आणि तिचा एकेक नट सोडवायचा.

सगळा खटाटोप वडिलांसाठी होता.

बद्रीनाथकाका, म्हणजे हरिओमचे अप्पा, बावीस वर्षं हीच गाडी चालवायचे. कापसाच्या जिनिंगवाल्या राधेश्याम शेठची. दोन वर्षांपूर्वी काकांना झटका आला आणि वाचा गेली. धरल्याशिवाय दोन पावलं टाकता येईनात. ती गाडी भंगारात निघाल्याचं कळलं तसा हरिओम धावत गेला. अप्पा एकदा स्टेअरिंगला हात लावतील, एखादा शब्द बोलतील... एवढीच त्याची आशा.

शेठ याच गाडीत वारले होते, हे त्याला माहीत होतं. भोकरदन रोडला, डाव्या सीटवर, बसल्या बसल्या. पण त्याला तीस वर्षं झाली होती. आणि हरिओम असल्या गोष्टींना भीक घालणारा नव्हता.

गाडीचा तळ पार सडला होता. भंगारवाले सिराजोद्दीनचाचा येऊन बघून गेले.

"हरिओमभाई, खालचा पत्रा काढायच्या आधी एका बाजूचं दार वेल्डिंगचे टाके मारून बंद कर. न्हाई तर बॉडी मधून बसती."

सल्ला बराबर होता. हरिओमनं डावं दार बंद केलं. तीन टाके. आयुष्यातलं पहिलं वेल्डिंग, वेडंवाकडं, पण पक्कं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गाडीखाली आडवा होता...

टक टक.

तापलेले पत्रे वाजले असतील. जालन्याच्या उन्हात पत्रे वाजतातच.

तिसऱ्या दिवशी पुन्हा. त्याच वेळेला. दोनदा. मग शांत.

या वेळी तो बाहेर उभा होता, त्यामुळे नीट ऐकू आलं. आवाज पत्र्यांचा नव्हता.

दारातून येत होता... आतून.

त्यानं वाकून पाहिलं. आत कुणी नव्हतं. फक्त डावी सीट खाली दबलेली होती. नवा फोम त्यानं परवाच भरला होता.

"उन्हानं डोकं फिरलं तुमचं," बायको म्हणाली. प्रिया नाव तिचं, फटकळ बाई. "टोपी घालून काम करत जा."

त्या रात्री जेवताना त्यानं सहज अप्पांसमोर विषय काढला. "अप्पा, गाडीतून टकटक आवाज येऊन राह्यला."

काकांच्या हातातला घास ताटात पडला. पुढं ते जेवलेच नाहीत.

शनिवार उजाडला. बारा वाजून गेले होते. हरिओम नळावर हात धूत होता. प्रिया मागच्या दारात आली.

"अप्पा बाजेवर न्हाईत."

घरभर शोधलं. नव्हते. मग हरिओम शेडाकडं धावला.

काका गाडीत बसले होते. ड्रायव्हरच्या सीटवर.

दोन वर्षं धरल्याशिवाय न चालणारा माणूस अंगण ओलांडून आला कसा?

दोन्ही हात स्टेअरिंगवर. पाय ब्रेकवर दाबलेला. इंजिन तर शेडाच्या कोपऱ्यात सुटं पडलं होतं. तरी काका एखादी भरधाव गाडी थांबवावी तसे जीव खाऊन ब्रेक दाबत होते. अंग घामानं निथळत होतं. ओठ काळेनिळे पडले होते. श्वास लागला होता.

"अप्पा, सोडा. हात सोडा."

बोटं निघेनात. दोघांनी मिळून ओढलं, तरी निघेनात.

टक टक... टक टक... टक टक.

आता आवाज थांबतच नव्हता.

काकांनी फक्त डोळे फिरवले. आधी डाव्या दाराकडं. मग मुलाकडं.

आणि हरिओमला लहानपणीचं आठवलं. शेठ कधी स्वतः दार उघडत नसत. उतरायचं झालं की अंगठीनं दारावर दोनदा वाजवायचे. मग अप्पा गाडी थांबवून, पलीकडं जाऊन दार उघडायचे.

ते दार त्यानं बंद करून टाकलं होतं.

ग्राइंडर घेतला तर लाइट गेलेली. छिन्नी-हातोडी घेऊन तो दाराला भिडला. पहिला टाका तुटला. दुसरा तुटला. मागं काकांचा श्वास घरघरायला लागला. तिसरा टाका तुटला तशी हरिओमनं दाराची मूठ ओढली. खालचा तळ निम्मा कापलेला, त्यामुळे गाडी मधून करकरत बसली.

दार उघडलं.

कुणीच उतरलं नाही.

पण डावी सीट हळूहळू वर आली. आणि हरिओमच्या खांद्यावर भार पडला... थकलेला माणूस आधाराला हात टेकून उतरतो, तसा.

मागून आवाज आला. घोगरा, दोन वर्षांनी ऐकलेला.

"सावकाश, शेठ."

काकांचे हात सुटले होते.

संध्याकाळी काका घडाघडा बोलायला लागले. बोलता बोलता रडलेही. "त्या दिवशी शेठनं वाजवलं होतं रे. उतरू दे म्हणून. मी थांबलो न्हाई. दवाखाना गाठायचा होता. ते वाजवतच राह्यले... मंग बंद झालं."

डॉक्टर म्हणाले, येते वाचा कधी कधी परत.

घरात आनंदीआनंद. आठवडाभर.

मग प्रियाच्या लक्षात आलं, काका ओसरीवरच्या रिकाम्या खुर्चीशी बोलतात. तिनं खुर्ची माळ्यावर टाकली, घरभर ऊद फिरवला. त्याच संध्याकाळी काकांची वाचा गेली. तीन दिवस शब्द नाही. चौथ्या दिवशी हरिओमनं मुकाट्यानं खुर्ची खाली आणली. काका म्हणाले, "प्रिया, चहा टाक. दोन कप."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मागच्या महिन्यात भेटायला गेल्तो. काका ठणठणीत दिसले, बरं वाटलं. समोरची खुर्ची ओढून बसलो.

काका शांतपणे म्हणाले, "बाबा, तिकडं बस. शेठच्या मांडीवर बसला तू."

मी हसलो. बाकी कुणीच हसलं नाही.

निघताना हरिओम फाटकापर्यंत आला. तिथं त्यानं हे सगळं सांगितलं. अगदी हळू, ओसरीकडं बघत बघत.

"कुणाला बोलू नको. अप्पा बोलून राह्यले ना, मला तेवढं बस हाय."

काकांना ऐकू जाऊ नये म्हणून तो हळू बोलतोय, असं मला वाटलं.

पण आतून काकांच्या घोरण्याचा आवाज येत होता.