पाठमोऱ्या तानबाचा शब्द

पडद्यावरची माझी पणजी दारात उभी राहून म्हणाली, "मी जाते," आणि वर्ध्याच्या त्या जवळजवळ रिकाम्या थिएटरात मी मोठ्यानं बोलून गेले, "असं नाई म्हनत आमच्याकडे."

एक खुर्ची सोडून बसलेल्या मुलानं हळूच विचारलं, "मंग कसं म्हनते?"

"येतो म्हनते. बाई असली तरी येतोच. अन् घरून निघताना 'जातो' कोन म्हनते?"

"तेच लिहून देल्लं होतं मी..." तो म्हणाला.

मला अंधारातच घाम फुटला. हा धनंजय, हिंगणघाटचा. मुंबईत राहतो, आणि या सिनेमातली वऱ्हाडी तपासायला त्याला घेतलं होतं. बाईच्या तोंडी 'येतो' घातलं तर प्रेक्षकांना चूक वाटेल, असं म्हणून त्याचा शब्द बदलला गेला. आपल्याकडचे लोक काय म्हणतात ते पाहायला तो आला होता, आणि पहिली मीच भेटले. मध्यंतरात त्यानं समोसा पुढे केला. "रागावून झालं असन तर घ्या." मी रागावलेलीच होते, तरी घेतला.

सिनेमा माझ्या पणजीवर होता. गिरडची देवकाबाई, बेचाळीसला झेंडा घेऊन निघाली आणि तुरुंगात गेली. एवढं खरं. पण सिनेमावाल्यांनी तिला नागपूरचा एक कवी मनाचा वकील प्रियकर जोडून दिला होता, आणि तिचा नवरा तानबा, माझा पणजोबा, ती निघताना भिंतीकडे तोंड करून मुका उभा होता. गिरडच्या घरी माझे आजोबा नानाजी नव्वदीला टेकलेले. देवकाबाई त्यांची आई. सिनेमाची वाट पाहत होते बिचारे. आईचा हा प्रियकर पाहून त्यांचं काय होईल?

आठवड्यात सिनेमा उतरला तेव्हा मला हायसं वाटलं. ते धनंजयनं फोनवर घालवलं. आता सिनेमा घरोघरी टीव्हीवर, मोबाइलवर येणार होता. त्याआधी आवाजात थोडी दुरुस्ती जमली असती, पण खरं काय घडलं ते सांगणारं कुणी हवं होतं. त्याला नानाजींना भेटायचं होतं. मी नाही म्हटलं. पुन्हा नाही म्हटलं. आणि रविवारी आम्ही गिरडच्या बसमध्ये शेजारी बसलो होतो.

वकिलाचं नाव काढायचं नाही, हे मी त्याला वाटभर बजावत होते.

"अन् तुमच्याबद्दल इचारलं तर?" तो म्हणाला.

"माझ्याबद्दल काय इचारतीन?"

"काय मालूम... मी तयारी करून राह्यलो."

मी खिडकीबाहेर पाहू लागले. कान मात्र तापले होते.

नानाजींचा पहिलाच प्रश्न, "तो वकील दिसाले कसा हाये?" केस कापायला आलेल्या गोपालनं त्यांना सगळं सांगून टाकलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नानाजी मात्र पोट धरून हसले.

"बा मुका नोयता," ते म्हणाले. "मी त्याच्या कडेवर होतो. माय म्हने, येतो. बा म्हने, येजो. बस. त्या शब्दावर माय जेलात राह्यली अन् वापस आली. वकील राहू द्या. मले तेवढं एक आयकू येऊ द्या."

धनंजय एकदम ताठ बसला. "बा पाठमोरे उभे हायेत. ओठ दिसत नाई. शब्द घालता येते."

संध्याकाळी परतताना हायवेवरच्या जाम गावाच्या चौकात त्याची नागपूरची बस सुटतच होती. तो धावला, पायरीवर चढला, वळून म्हणाला, "जातो." बस गेलीसुद्धा.

जातो? एका शब्दावरून थिएटरात भांडणारी मी, आता तोच शब्द उराशी धरून बसले. घाईत तोंडातून निघाला असेल. की मनातलंच निघालं? 'प्रयत्न चालू आहे' असा त्याचा एक निरोप आला, मग काहीच नाही. बँकेत कामावर मी एकाचं पासबुक दुसऱ्याला देऊ लागले. तो मला आवडत होता, फार आवडत होता, आणि हे मला त्या मेल्या 'जातो'नं कळलं.

सिनेमा टीव्हीवर आला त्या दुपारी नानाजी अगदी पुढ्यात खुर्ची ओढून बसले. वकील आला, कविता म्हणाला, नानाजी हसले. मग ते दार आलं. "मी जाते." तेच. तिचे ओठ दिसत होते ना... तानबाची पाठ दिसली. काहीच होईना. आणि मग हलकेच, थोडा फाटलेला आवाज आला.

"येजो."

तो धनंजयचा आवाज होता.

"बाचा आवाज नाई हा," नानाजी डोळे पुसत म्हणाले. "पन म्हनला बराबर. मांगं घे, पुन्हा लाव." मी पुन्हा लावलं. पुन्हा, पुन्हा. थिएटरात हे कुणी करू दिलं असतं?

अंगणात येऊन मी फोन लावला.

"आयकलं?" त्यानं विचारलं.

"आयकलं. तुमी जामले 'जातो' म्हटलं होतं."

"बस सुटून राह्यली होती... चुकलो. तेवढं त दुरुस्त करू द्या."

"मंग म्हना."

"येतो," तो म्हणाला. "शनिवारी येतो, मंजुषा."

आजवर मी त्याला तुमीच म्हणत आले होते. त्या मानानं आदराचं 'येजा' म्हणायला हवं होतं.

"येजो," मी म्हणाले.

"काय म्हटलं?"

"तुले आयकू आलं तेच."